मुक्त व्यापार आणि तुतिकोरीनची जहाजे

बंदराची भरभराट झाली म्हणजे त्या बंदरातील नौवहन-उद्योगाचीही भरभराट झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. धक्क्यावर जहाजांची रांग लागली, वखारी मालाने भरल्या, आगगाडीच्या वाघिणी भरभरून येऊ-जाऊ लागल्या, की समुद्रावरचा धंदाही तेजीत असला पाहिजे असे आपण धरून चालतो. परंतु बंदर हे केवळ दार होय. त्या दारातून किती माल गेला हा एक प्रश्न. तो माल वाहून नेणारे जहाज कोणाचे, त्याचे भाडे कोण ठरवतो आणि ते अखेर कोणाच्या पदरात पडते, हा दुसरा प्रश्न. मुक्त व्यापाराचे समर्थक पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर संतुष्ट असतात, आणि पुष्कळदा त्यांचे समाधान साधार असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मात्र एखाद्या बंदराचा इतिहास बारकाईने पाहावा लागतो.

भारताच्या दक्षिण टोकाजवळ, मन्नारच्या आखातावर वसलेले तुतिकोरीन हे बंदर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. तमिळ भाषेत या गावाचे नाव तूत्तुक्कुडी. मोत्यांच्या शिंपल्यांसाठी ते प्राचीन काळापासून प्रसिद्ध होते. पोर्तुगीजांच्या मागोमाग १६५८ मध्ये डच येथे आले आणि १८२५ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. मागच्या प्रदेशातील काळ्या जमिनीत कापूस पिकत असे, आणि किनाऱ्यावरच्या कोरड्या, उन्हाच्या हवेत मिठागरे चांगली चालत. मिठाच्या उत्पादनात आजही हा जिल्हा देशात अग्रेसर आहे. थोडक्यात, समुद्रमार्गे पाठवावा असा माल येथे कधीच कमी नव्हता.

कमी होते ते पाणी. किनाऱ्यालगतचा समुद्र इतका उथळ, की आगबोटींना काही मैल अंतरावर नांगर टाकून उभे राहावे लागे आणि मालाची चढउतार पडावांतून करावी लागे. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठीच अडचण होती. परंतु त्याच अडचणीवर पडाववाले, तांडेल, हमाल आणि 'तोणी' नावाची लाकडी शिडाची गलबते बांधणारे व चालवणारे यांचा संसार चाले. कोणत्याही सरकारने न लावलेली ही एक प्रकारची संरक्षक जकातच होती, असे म्हणावयास हरकत नाही. ती उठल्यावर काय झाले, हे आपण पुढे पाहणारच आहोत.

तुतिकोरीनहून कोलंबो हा एका रात्रीचा प्रवास. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर काम करणारे तमिळ मजूर, त्यांच्यासाठी लागणारा तांदूळ, कापड, कांदे, मिरच्या ही सारी वाहतूक या मार्गाने होत असे. मद्रासहून निघालेली टपालगाडी प्रवाशांना तुतिकोरीनला आणून सोडी आणि तेथून ते आगबोटीने पलीकडे जात. प्रवासी व माल यांचा अखंड ओघ असलेला, अंतराने लहान आणि म्हणून थोड्या जहाजांवर चालवता येण्याजोगा असा हा मार्ग होता. देशी भांडवलाने आगबोटींच्या धंद्यात उतरावयाचे असेल, तर याहून चांगली जागा सापडणे कठीण होते.

भाड्याची लढाई

या मार्गावर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा एकछत्री अंमल होता. या कंपनीचा जन्म कसा झाला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८५६ मध्ये कलकत्ता व ब्रह्मदेश यांच्या दरम्यान टपाल नेण्याचे सरकारी कंत्राट मिळाले आणि त्या कंत्राटाच्या पायावर ती उभी राहिली. १८६२ मध्ये तिने हे नवे नाव धारण केले. तिच्या जहाजांना भरलेल्या डब्यांखेरीज टपालाच्या उत्पन्नाचीही शाश्वती होती. ज्या इंग्लंडने जगाला मुक्त व्यापाराचा धडा शिकवला, त्याने स्वतःचे नौवहन-कायदे १६५१ पासून जवळजवळ दोनशे वर्षे जपले आणि १८४९ मध्ये, आपला व्यापारी काफिला अजिंक्य झाल्यावर, ते रद्द केले. मुक्त व्यापाराचे आद्य प्रवक्ते ॲडम स्मिथ यांनीदेखील या कायद्यांना आपल्या सिद्धान्तातून सूट दिली होती, कारण देशाच्या संरक्षणाचे मोल त्यांनी संपत्तीहून अधिक मानले. अनुयायी मात्र गुरूपेक्षा कडवे निघाले.

स्वदेशी चळवळीच्या लाटेत, ऑक्टोबर १९०६ मध्ये, तुतिकोरीन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. तिचे प्रवर्तक व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै हे व्यवसायाने वकील व राजकारणात लोकमान्य टिळकांचे अनुयायी. भांडवल दहा लाख रुपयांचे ठरले व ते पंचवीस रुपयांच्या चाळीस हजार भागांत विभागण्यात आले. भाग लहान ठेवण्यामागे हेतू उघड होता : दुकानदार, शिक्षक, शेतकरी यांनाही भागीदार होता यावे. पालवनत्तमचे जमीनदार पांडित्तुरै तेवर हे कंपनीचे अध्यक्ष झाले. सुरुवातीला भाड्याने घेतलेली आगबोट प्रतिस्पर्धी कंपनीच्या दबावामुळे हातची गेली, तेव्हा स्वतःची जहाजे घेतल्यावाचून गत्यंतर नाही हे सर्वांना पटले. चिदंबरम पिळ्ळै मुंबईस गेले. खटपट करून 'गालिया' व 'लावो' या दोन आगबोटी मिळवण्यात आल्या आणि १९०७ मध्ये त्या तुतिकोरीनला दाखल झाल्या.

यानंतर जे घडले त्यास स्पर्धा म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे. ब्रिटिश कंपनीने कोलंबोचे भाडे एक रुपयावर आणले. स्वदेशी कंपनीने ते आठ आणे केले. तेव्हा ब्रिटिश कंपनीने प्रवाशांना फुकट नेण्याची तयारी दाखवली. शिवाय प्रत्येकास एक छत्री भेट मिळे, अशी हकीकत त्या भागात अजूनही सांगितली जाते. स्वदेशी जहाजे रिकामी धावू लागली.

या ठिकाणी नौवहनाच्या अर्थशास्त्रातील एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. कापडाच्या गिरणीने एक गज कापड कमी विणले तर तेवढे सूत वाचते. जहाजाचे तसे नाही. कोळसा, खलाशांचे पगार, विमा, बंदराचे शुल्क आणि भांडवलावरील व्याज हा खर्च जहाज भरलेले असो वा रिकामे असो, जवळजवळ सारखाच येतो. एक प्रवासी अधिक नेल्याने मालकाचा खर्च नाममात्रच वाढतो. यामुळे दोन कंपन्यांत भाड्याची लढाई जुंपली की ते अमुक पातळीखाली जाऊ शकत नाही असा तळच उरत नाही. ते शून्यापर्यंत, आणि छत्री धरली तर शून्याखालीही जाऊ शकते. अशा लढाईत ज्याची जहाजे अधिक चांगली तो टिकेलच असे नाही. जो अधिक काळ तोटा सोसू शकतो तो टिकतो. ब्रिटिश इंडिया कंपनीची जहाजे आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत फिरत होती. एका मार्गावरील तोटा ती दुसऱ्या दहा मार्गांवर भरून काढू शकत होती. स्वदेशी कंपनीला मार्गच एक होता. बाजार दोघांना सारखाच खुला होता, पण दोघांची तग धरण्याची शक्ती सारखी नव्हती.

त्यातच राज्यसत्ता तटस्थ राहिली नाही. तुतिकोरीनच्या कोरल गिरणीतील कामगारांच्या संपाला चिदंबरम पिळ्ळै यांनी पाठिंबा दिला. मार्च १९०८ मध्ये त्यांना अटक झाली व तिरुनेलवेलीत दंगल उसळली. राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना जन्मठेपेच्या दोन शिक्षा सुनावण्यात आल्या. अपिलात त्या कमी झाल्या, तरी १९१२ च्या अखेरीपर्यंत ते तुरुंगात होते. कोइमतूरच्या तुरुंगात त्यांना तेलाच्या घाण्याला जुंपण्यात आले. ते सुटून आले तेव्हा कंपनी उरली नव्हती. १९११ मध्येच तिचे विसर्जन झाले होते आणि जहाजे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेली होती. पुढे १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला, टपालगाडी धनुष्कोडीला जाऊ लागली, आणि ज्या प्रवाशांसाठी ही लढाई झाली त्यांनीच तुतिकोरीनकडे पाठ फिरवली.

राखीव किनारा

तुतिकोरीनचा पराभव हा एकट्या तुतिकोरीनचा नव्हता. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया कंपनीलाही हाच अनुभव आला. तिचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळण्यात येतो. परंतु १९२३ मध्ये तिला ब्रिटिश कंपन्यांशी करार करून आपल्या कार्यक्षेत्रावर मर्यादा घालून घ्याव्या लागल्या. भाडेकपातीच्या जोडीला येथे आणखी एक हत्यार होते. बड्या कंपन्यांचा संघ व्यापाऱ्याला भाड्यात सूट देई, पण ती लगेच देत नसे. काही महिने राखून ठेवी. त्या मुदतीत व्यापाऱ्याने एक जरी गाठोडे परक्या जहाजातून पाठवले, तर साठलेली सारी सूट बुडे. व्यापारी स्वदेशीचा कितीही अभिमानी असला, तरी आपली साठलेली रक्कम पणाला लावून नव्या कंपनीकडे जाण्याची त्याची छाती होत नसे.

१९२८ मध्ये सारभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही, पण सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४७ मध्ये हीच शिफारस केली, आणि स्वातंत्र्यानंतर लवकरच किनारी वाहतूक पूर्णपणे भारतीय जहाजांच्या हाती आली. १९६१ मध्ये सरकारी क्षेत्रात शिपिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले. हा काही एकट्या भारताचा हट्ट नव्हता. मुक्त बाजारपेठेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता असलेल्या अमेरिकेने १९२० च्या कायद्याने आपला किनारा परकी जहाजांना बंद केला, व तो आजतागायत बंदच आहे.

तुतिकोरीनला या धोरणाचे फळ कोळशाच्या रूपाने मिळाले. ११ जुलै १९७४ रोजी येथील खोल पाण्याच्या नव्या बंदरास प्रमुख बंदराचा दर्जा मिळाला. बंदराच्या शेजारी औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले व त्यासाठी लागणारा कोळसा पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून समुद्रमार्गे येऊ लागला. ही वाहतूक पाहण्यासाठी तमिळनाडू सरकारने १९७४ मध्येच पूम्पुहार शिपिंग कॉर्पोरेशन काढले. त्याने स्वतःची जहाजे घेतली, भाड्यानेही घेतली. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जहाज-कंपनीला सवलतीपेक्षाही मालाची हमी अधिक उपयोगी पडते. ठरलेला माल, ठरलेले अंतर, ठरलेला गिऱ्हाईक असला म्हणजे जहाजासाठी कर्ज देण्यास बँकही कचरत नाही.

तथापि राखीव किनाऱ्याचे सारेच गोडवे गाता येणार नाहीत. स्पर्धा नसल्याने किनारी जहाजे जुनी होत गेली, फेऱ्या अनियमित झाल्या, आणि मीठ किंवा सिमेंट पाठवणारा व्यापारी रेल्वे व ट्रक यांच्याकडे वळला. संरक्षण जहाजमालकाला मिळाले. माल पाठवणाऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न धोरण आखणाऱ्यांनी फारसा विचारला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या नौवहन-धोरणातील ही सर्वांत मोठी उणीव होय.

पेटीचे युग

नव्या बंदरामुळे जहाजे धक्क्याला लागू लागली आणि उथळ समुद्राने दिलेले संरक्षण संपले. पडावांचे काम गेले. तोणीवाल्यांनी कोलंबोचा व्यापार काही काळ धरून ठेवला. पण माल कंटेनरमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या पोलादी पेटीत, बंद होऊ लागल्यावर तोही सुटत गेला. पोती पाठीवरून वाहून लाकडी गलबतात रचण्याची कला पेटीपुढे निरुपयोगी ठरली.

कंटेनरने दुसरी एक उलथापालथ केली. पेट्या वाहणारी जहाजे जितकी मोठी, तितका दर पेटीमागे खर्च कमी. म्हणून जहाजे अवाढव्य झाली. अशी जहाजे थोड्याच खोल बंदरांत थांबतात, आणि बाकीच्या बंदरांतून लहान जहाजे पेट्या आणून त्यांना पोचत्या करतात. मोठ्यांना मातृजहाजे व लहानांना फीडर जहाजे म्हणतात. युरोप व पूर्व आशिया यांना जोडणारा मुख्य सागरी मार्ग श्रीलंकेच्या दक्षिणेस अगदी जवळून जातो. कोलंबोला थांबण्यासाठी मातृजहाजाला फारशी वाट वाकडी करावी लागत नाही. तुतिकोरीन त्या मार्गापासून आत, आखातात आहे. शिवाय पाल्कची सामुद्रधुनी उथळ असल्याने पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाला श्रीलंकेला वळसा घालावाच लागतो. म्हणून तिरुप्पूरच्या विणलेल्या कपड्यांची पेटी तुतिकोरीनला फीडर जहाजावर चढते, कोलंबोला उतरते आणि तेथे मोठ्या जहाजाची वाट पाहत राहते. परदेशी बंदरांत अशी अदलाबदल होणाऱ्या भारतीय पेट्यांपैकी फार मोठा भाग एकट्या कोलंबोत हाताळला जातो. उलट कोलंबोच्या या कामापैकी बहुतांश काम भारतीय मालाचेच असते.

भारत व श्रीलंका यांच्यातील मुक्त व्यापार करार २८ डिसेंबर १९९८ रोजी झाला व मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने दोन देशांमधील व्यापार वाढला, यात शंका नाही. पण करारात जकातीचे दर असतात. जहाज कोणत्या ध्वजाचे असावे याविषयी तो मौन पाळतो. जून २०११ मध्ये तुतिकोरीन–कोलंबो प्रवासी बोटही पुन्हा सुरू करण्यात आली. या वेळी तिला कोणी बुडवले नाही. प्रवासीच पुरेसे मिळाले नाहीत आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती बंद पडली. एके काळी ज्या फेरीसाठी दोन कंपन्या भांडल्या ती आता एकालाही परवडेना, कारण विमान तेच अंतर तासाभरात काटते. त्याच वर्षी बंदराला मात्र व्ही. ओ. चिदंबरनार यांचे नाव देण्यात आले.

ध्वजाचा प्रश्न कागदावर कसा ठरतो, हेही पाहू. विक्रीचा करार दोन प्रकारे होतो. पहिल्यात विकणारा माल जहाजावर चढवून मोकळा होतो. जहाज ठरवण्याचा हक्क घेणाऱ्याकडे जातो. दुसऱ्यात विकणारा भाडे व विमा यांसह किंमत सांगतो, म्हणून जहाज तोच ठरवतो. आपले निर्यातदार बहुधा पहिल्या पद्धतीने विकतात आणि आपले आयातदार पुष्कळदा दुसऱ्या पद्धतीने घेतात. परिणामी जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, जहाजाची निवड परदेशी पक्ष करतो. निर्यातदाराची यात चूक नाही. त्याला मोठ्या गिऱ्हाइकापुढे नमते घ्यावे लागते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारताच्या सागरी व्यापारातील सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जात असे. पुढे व्यापार कित्येक पटींनी वाढला, पण भारतीय जहाजांचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली आला. याला केवळ मुक्त व्यापार कारण नाही. कर्जावरील व्याज, इंधनावरचे व जहाजखरेदीवरचे कर, खलाशांच्या वेतनावरील आयकर यांचे ओझे भारतीय ध्वजाच्या जहाजावर पडते. पनामा किंवा लायबेरियाचा ध्वज लावला की ते बरेचसे टळते. २००४ मध्ये जहाजाच्या आकारमानावर करआकारणी करण्याची सोपी पद्धत आणली गेली. तिने थोडा दिलासा मिळाला, पण उतार थांबला नाही.

पुढे काय

मे २०१८ मध्ये सरकारने राखीव किनाऱ्याचे दार किलकिले केले : आयात-निर्यातीच्या पेट्या व रिकाम्या पेट्या भारतीय बंदरांदरम्यान नेण्याची मुभा परकी जहाजांना मिळाली. फीडर जहाजांच्या भारतीय मालकांनी याला विरोध केला, बंदरांनी स्वागत केले. दोन्ही बाजू आपापल्या हिशेबाने बरोबरच होत्या, आणि आरंभी सांगितलेला भेद येथे उघड्यावर आला. २०२५ मध्ये किनारी नौवहनासाठी स्वतंत्र कायदाही करण्यात आला.

त्याच वर्षी मे महिन्यात केरळातील विळिंजम बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले. ते मुख्य सागरी मार्गाच्या जवळ आहे व तेथे नैसर्गिक खोली भरपूर असल्याने मोठी मातृजहाजे थेट धक्क्याला लागतात. तुतिकोरीननेही खोली वाढवली असून सप्टेंबर २०२४ मध्ये तेथे नवे कंटेनर टर्मिनल सुरू झाले. बाह्य बंदराची योजनाही हाती आहे. कन्याकुमारीला वळसा घातला की विळिंजम येते. म्हणजे ज्या पेट्या आज कोलंबोला जातात त्यांतील काही उद्या भारतीय किनाऱ्यावरच बदलल्या जातील, ही आशा निराधार नाही. मात्र कोलंबोही स्वस्थ बसलेले नाही. तेथील नवे पश्चिम टर्मिनल २०२५ मध्येच चालू झाले आणि त्यात मोठा वाटा एका भारतीय कंपनीचाच आहे. भांडवल भारतीय, बंदर श्रीलंकेचे, जहाज तिसऱ्याच देशाचे आणि त्यावरील खलाशी पुन्हा भारतीय, असा आजचा देखावा आहे. त्याला स्वदेशी-विदेशीचे जुने माप लावणे सोपे राहिलेले नाही.

तुतिकोरीन–विळिंजम हा टप्पा तुतिकोरीन–कोलंबोसारखाच लहान, नियमित व थोड्या जहाजांवर चालणारा आहे. तेथे फीडर जहाजे कोण चालवणार, हे टर्मिनलच्या लांबीरुंदीवर ठरणार नाही. भारतीय मालकाला जहाजासाठी किती दराने व किती वर्षांच्या मुदतीने कर्ज मिळते, इंधनावर परकी जहाजाइतकाच कर पडतो की जास्त, आणि वीजकेंद्राच्या कोळशासारखी मालाची काही हमी पाच-सात वर्षांसाठी बांधून देता येते का, यांवर ते ठरेल. जुन्या बंदराच्या धक्क्यावरून अजूनही काही तोणी कांदे, भाजीपाला व बांधकामाचे सामान घेऊन मालदीव आणि लक्षद्वीपकडे जातात. त्यांना आता इंजिने बसवलेली आहेत. मोठ्या जहाजांना जेथे थांबणे परवडत नाही अशा लहान बेटांना थोडा थोडा माल पोचवण्याचे काम त्यांच्याकडे राहिले आहे, आणि समुद्र खवळलेला असताना ती धक्क्यालाच बांधलेली असतात.